१५०-६०० मऊ येते म्हणून विकायला काढण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निकॉन डी ५६०० वर पहिल्या पिढीची टॅमरॉन १५०-६०० सेकंडहँड घेतली, मे महिन्यात ताडोबाच्या दुपारच्या सफारीत ६०० एमएमवर काढलेले सगळे फोटो मऊ (धार नसलेले) आले. आता ती विकावी का, आणि लोकांचा असा अपेक्षाभंग केलेल्या आणखी लेन्स कोणत्या? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं.

‘लेन्स बेकार निघाली’ या एका वाक्यात लोक वेगवेगळ्या तक्रारी कोंबतात. कधी डिझाइनच कमी पडलेलं असतं. कधी डिझाइन चांगलं, पण हाती आलेला नग बिघडका असतो. आणि बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात, फक्त तिच्याकडून जे मागितलं ते ती देणारच नव्हती. नागपूरच्या उन्हाळ्यात याच्यात हवेची भर पडते, आणि माझ्या मते तुमच्या फोटोंचा पहिला संशयित तीच आहे.

डिझाइनच फसल्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे निकॉनची ४३-८६ एफ ३.५ (आधीचे आकडे एमएममधली फोकल लेंग्थ, मोठी तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तितकं उजेडाचं छिद्र मोठं). ही १९६३ ची. हौशी माणसाला परवडेल अशी छोटी झूम म्हणून ती प्रचंड खपली, पण ४३ ला सरळ रेषा बाहेर फुगायच्या, ८६ ला आत वाकायच्या, आणि उजेड समोरून आला की सगळं चित्र धुऊन निघायचं. पुढे काचांची संख्या ९ वरून ११ वर नेऊन ती बरीच सुधारली, तरी एकदा गेलेलं नाव परत आलं नाही. ‘झूम म्हणजे प्राइमच्या (एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सच्या) खालची’ हा समज जुन्या फोटोग्राफरांच्या डोक्यात पक्का बसला, त्यात या लेन्सचा हात मोठा.

आजच्या काळातली तशीच लेन्स बघायची तर कॅनन ७५-३००. मूळ रचना फिल्मच्या जमान्यातली, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही, २०० च्या पुढे मऊ, आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार ठरलेली. एवढं सगळं माहीत असूनही २०२५ मध्ये तीच रचना कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटवर पुन्हा विकायला आली! ‘३००’ हा आकडा बघून माणूस भुलतो. त्यापेक्षा ५५-२५० एसटीएम घ्या. ५० एमएम कमी मिळतात, पण त्या लेन्समधून कापलेलं चित्रही ७५-३०० च्या ३०० पेक्षा स्वच्छ असतं.

खरी गंमत निकॉनच्या ७०-२०० एफ २.८ च्या पहिल्या व्हीआरची (व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन) आहे. ती आली २००३ मध्ये, तेव्हा निकॉनचे लेन्स बदलता येणारे सगळे डिजिटल कॅमेरे छोट्या डीएक्स सेन्सरचे होते. २००७ मध्ये फुल फ्रेम (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) डी ३ आला आणि कोपरे उघडे पडले: २०० ला मऊ आणि काळवंडलेले. लोकांनी आरडाओरडा केला, २००९ ला दुसरी आवृत्ती आली, कोपरे सुधारले. पण नवीन दुखणं लागलं. अगदी जवळच्या, दीड मीटरच्या आसपासच्या अंतरावर फोकस केला की २०० चा कोन १३० च्या घरात यायचा. हळदीला नवरीच्या हातावरची मेंदी फ्रेमभर घ्यायची म्हटलं की लग्नाचे फोटोग्राफर वैतागायचे. २०१६ च्या आवृत्तीत तेही मिटलं. यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढी, की पहिली व्हीआर फुल फ्रेमवर फसली, पण डीएक्स बॉडीवर तिचे वाईट कोपरे सेन्सरच्या बाहेरच राहतात. डी ७५०० वाल्याला ती चांगल्या नगात स्वस्त मिळाली तर बिनधास्त घ्यावी.

कॅनन ५० एफ १.२ एलची तक्रार आणखी वेगळी. महाग लेन्स, तरी एफ २ ते एफ ४ दरम्यान जवळून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये डोळ्याऐवजी कान शार्प. याला फोकस शिफ्ट म्हणतात. डीएसएलआर फोकस करतो अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून आणि फोटो घेताना त्याची पाती मिटतो. ज्या लेन्समध्ये गोलीय दोष (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न जुळणं) शिल्लक असतो तिच्यात पाती मिटली की फोकसचं प्रतल मागे सरकतं. दुरुस्तीला पाठवून उपयोग नाही, कारण बिघडलेलं काहीच नाही. एक तर एफ १.८ किंवा त्याहून उघडं वापरा, नाही तर थेट एफ ५.६ ला जा.

निकॉन ५८ एफ १.४ वर मात्र थोडा अन्यायच झाला. २०१३ मध्ये ती आली तेव्हा किंमत बघून लोकांनी एफ १.४ ला काचेसारखी धार मागितली, आणि ती मिळाली नाही. तिची रचना रात्रीच्या दिव्यांसाठी होती: कोपऱ्यातला दिव्याचा ठिपका पक्ष्याचे पंख फुटल्यासारखा पसरू नये, मागचा धूसर भाग मऊ उतरावा. दीक्षाभूमीवर दिव्यांच्या रोषणाईत काढायला उत्तम, वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून तपासायला वाईट. त्याच वर्षीची सोनी-झाइस २४-७० एफ ४ ही झाइसच्या निळ्या बिल्ल्याच्या अपेक्षेखाली दबलेली. कडा त्या किमतीला शोभत नाहीत, बाकी चालून जाते.

आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली ५० एफ १.८. नवीन माणसाला पहिला सल्ला हाच मिळतो, मग तो मारबतीच्या (नागपूरच्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी इतवारी-महालातल्या गल्लीत उतरतो आणि पिवळी मारबत फ्रेममध्ये मावत नाही म्हणून रडतो. क्रॉप (डीएक्ससारख्या छोट्या) सेन्सरवर ५० म्हणजे निकॉनला ७५, कॅननला ८०. मागे सरकायला जागा नाही, मागे ढोलवाले. त्या गर्दीत निकॉनची ३५ एफ १.८ डीएक्स किंवा कॅननची २४ एफ २.८ एसटीएम लागते. ५० चा त्यात काही दोष नाही, भाऊ.

सेकंडहँड निकॉन घेणाऱ्यांनी फोकस मोटरचं बघा. डी ५६०० च्या बॉडीत मोटर नाही. त्यामुळे ५० एफ १.८ डी किंवा २००० सालची ८०-४०० व्हीआर डी यांचा फोकस तुमच्या कॅमेऱ्यावर हातानेच करावा लागेल. उलट बाजूने, एएफ-पी (स्टेपिंग मोटरच्या) लेन्स डी ३१००, डी ३२००, डी ५१००, डी ७००० वर फोकसच करत नाहीत, आणि डी ३३००, डी ५३०० ला फर्मवेअर अपडेट लागतो. एएफ-पी डीएक्स ७०-३०० तर व्हीआरसहित आणि व्हीआरविना अशा दोन निघाल्यात. दिसायला सारख्याच, अंगावर व्हीआरचं बटणही नाही. नावाच्या पट्टीवर ही दोन अक्षरं आहेत का ते वाचूनच पैसे द्या.

आता तुमची १५०-६००. ५०० च्या पुढे एफ ६.३ ला ती थोडी मऊ आहेच, हे डिझाइनचं आहे आणि त्या किमतीत ते मान्य करूनच घ्यायची असते. पण ‘सगळे फोटो’ आणि ‘मे महिन्याची दुपार’ हे दोन शब्द एकत्र आले की लेन्सकडे नंतर बघायचं. जमीन तापली की तिच्यालगतची हवा थराथरांनी कमी-जास्त तापते, प्रत्येक थर उजेडाला वेगळा वाकवतो. डीएक्सवर ६०० एमएम म्हणजे तीन अंशांहूनही कमी कोन, त्यात हे वाकणं फुगून दिसतं. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं ना, तेच तुमच्या आणि वाघाच्या मध्ये चाललेलं असतं. याच्यावर व्हीसी (टॅमरॉनचं स्टॅबिलायझेशन) चालत नाही, १/२००० चा शटरही चालत नाही. तो फक्त वाकडं झालेलं चित्र गोठवतो. महागडी प्राइम लावली तरी तेच.

ओळखायचं कसं? लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) चित्र मोठं करून बघा, कडा पाण्याखाली असल्यासारख्या थरथरतात. एकाच बर्स्टमधल्या (सलग मारलेल्या) दहा फ्रेम शेजारी ठेवा. लेन्सचा दोष असेल तर सगळ्या सारख्याच मऊ. हवेचा असेल तर एखादी अचानक बरी, दुसरीत मिश्या शार्प आणि कान विरघळलेले. उपाय फारसे नाहीत. सकाळची सफारी घ्या आणि ऊन चढायच्या आत लांबचे फोटो आटपा. ८० मीटरवरच्या वाघापेक्षा २० मीटरवरचा मोर बरा. जिप्सीच्या तापलेल्या बॉनेटवरून कधीही नेम धरू नका. इंजिन बंद करायला सांगा, बाजूच्या दांड्यावर बीन बॅग ठेवा. बर्स्ट लांब मारा आणि त्यातून निवडा.

लेन्स निर्दोष आहे की नाही हे घरी तपासायचं तर जागा नीट निवडा. गच्चीवर नको, उन्हाळ्यात स्लॅब पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतो. सकाळी सहा-साडेसहाला गवताच्या मैदानावर जा. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान पुठ्ठ्यावर ताणून चिकटवा आणि फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट अंतरावर उभं करा, म्हणजे ६०० ला १५ ते ३० मीटर. ट्रायपॉड, व्हीसी बंद, सेल्फ टायमर. पुढचा यूव्ही फिल्टर काढा. हे विसरू नका, कारण पाच-सातशे रुपयांचा फिल्टर ५० एमएमवर जाणवत नाही, पण ६०० ला पूर्ण चित्र मऊ करतो, आणि जुन्या मालकाने लावलेला तो तसाच राहिलेला असतो. आता लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून फोकस करा आणि एफ ६.३, ८ आणि ११ ला फोटो घ्या. मग व्ह्यूफाइंडरमधून मधल्या बिंदूवर तेच करा, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून, किमान पाच-पाच फ्रेम.

लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर काचा ठीक आहेत, फोकसचं कॅलिब्रेशन चुकलंय. इथे तुमची अडचण दुहेरी आहे. डी ५६०० मध्ये एएफ फाइन ट्यून, म्हणजे बॉडीतूनच फोकस थोडा पुढे-मागे जुळवायची सोय, नाही (डी ७२००, डी ७५०० मध्ये उणे २० ते अधिक २० पर्यंत मिळतो), आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल (लेन्स संगणकाला जोडून फोकस जुळवायचं उपकरण) दुसऱ्या पिढीच्या जी२ ला चालतो, तुमच्या पहिलीला नाही. म्हणजे बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटर, दुसरा रस्ता नाही. एफ ६.३ ला मऊ आणि एफ ८ ला खुललं तर नग निरोगी आहे. ५५० च्या आसपास एफ ८ ला वापरा. एफ ११ ला आणखी धार येईल असं समजू नका, २४ मेगापिक्सेलच्या डीएक्सवर तिथे विवर्तन (लहान छिद्रातून उजेड पसरून चित्र मऊ होणं) दिसू लागतं.

एकच बाजू मऊ असेल तर काच केंद्रातून सरकलेली असू शकते, पण आधी पान कॅमेऱ्याला समांतर होतं का याची खात्री करा. सोपी युक्ती: कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करून तोच फोटो घ्या आणि दोन्ही फाइली कॅमेऱ्याने दिल्या तशाच, न फिरवता बघा. फ्रेमची तीच बाजू मऊ राहिली तर लेन्स, दुसरी बाजू मऊ झाली तर पानच तिरकं होतं. सरकलेली काच दुरुस्त होते, खर्च मात्र आधी विचारून घ्या. सेकंडहँड लेन्सच्या किमतीच्या मानाने तो अंगावर येऊ शकतो.

हातात धरून काढताना आणखी एक चूक होते. व्हीसीला स्थिरावायला अर्धा-एक सेकंद लागतो. वाघ दिसला की बटण एकदम शेवटपर्यंत दाबलं जातं आणि पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये चित्र उडी मारत असतं. अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबू द्या, मग मारा. शटर १/१००० च्या खाली नको, आयएसओ ३२०० ला घाबरू नका.

धुळीची भीती मात्र उगाच वाढवलेली आहे. कॅननच्या १९९८ च्या १००-४०० ला ओढ-ढकल झूममुळे ‘डस्ट पंप’ म्हणून हिणवलं गेलं, पण बाहेर येणारी कुठलीही झूम हवा ओढतेच, आणि आतले चार कण फोटोत दिसत नाहीत. काळजी बुरशीची करा. नागपुरात ती पावसाळ्यात लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कूलरच्या खोलीत उन्हाळाभर ठेवलेल्या लेन्सला ती एप्रिल-मेमध्येच लागते, कारण गवताच्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते. बॅग कूलरच्या खोलीबाहेर ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी काढा.

सगळं तपासून विकायचीच ठरली तर बदलीत दोन पर्याय. निकॉन २००-५०० एफ ५.६ तुमच्या बॉडीवर नीट चालते, वजन २.३ किलो, म्हणजे आताच्यापेक्षा सुमारे साडेतीनशे ग्रॅम जास्त, आणि ५०० ला एफ ५.६ मिळाल्याने पहाटेच्या उजेडात थोडी सोय. दुसरी सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, वजन जवळपास तुमच्या लेन्सइतकंच. तिला सिग्माचा यूएसबी डॉक जोडता येतो आणि त्यावरून चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं अशा १६ ठिकाणी फोकस जुळवता येतो. बॉडीत फाइन ट्यून नसलेल्या डी ५६०० ला हे विशेष कामाचं आहे. घेताना डॉकही त्याच सौद्यात मागून बघा.