वाचक विचारतात : तिकिटावर ‘ग्वालियर’ का छापलंय?

प्रश्न : नमस्कार काका. सासऱ्यांच्या माडीवरच्या ट्रंकेत जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला, साधारण 1940 च्या सुमाराचा. काही पाकिटांवरच्या तिकिटांत राजाच्या चित्रावर काळ्या शाईत ‘ग्वालियर’ छापलंय, काहींवर नाही. छापलेली तिकिटं खराब समजायची का? माझी 11 वर्षांची लेक ती कापून वहीत चिकटवायला निघाली होती, तूर्त तिला थांबवलंय. हा छंद तिला लावावा का? आणि या तिकिटांना किंमत येईल का? — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. कात्री आधी कपाटात ठेवा आणि डिंकाची बाटलीही.

छापलेली तिकिटं खराब तर नाहीतच, उलट तीच आपल्या घरची. 1885 पासून शिंदे सरकारचा, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानाचा, इंग्रज सरकारशी टपालाचा करार होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर राज्याचं नाव एकदा इंग्रजीत, एकदा नागरीत छापायचं आणि ती संस्थानात विकायची, अशी व्यवस्था. चंबा, फरीदकोट, जींद, नाभा आणि पतियाळा यांचेही असेच करार होते. त्यामुळे आपलं तिकीट लावून संस्थानातून टाकलेलं पत्र ब्रिटिश मुलखातही पोचायचं. काही जुन्या छापांत इंग्रजी नावातल्या ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलाय, आणि संग्राहक तो भिंगाखाली शोधत बसतात. तुमच्या लेकीलाही भिंग द्या, तिची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

आता पाकिटं पलंगावर पसरा आणि लेकीला त्यांचे दोन ढीग करायला सांगा, छापाचे एकीकडे, बिनछापाचे दुसरीकडे. मग प्रत्येकावरचा शिक्का वाचा. उज्जैन, शिवपुरी किंवा भेलशाहून (आजचं विदिशा) आलेल्या पत्रावर ‘ग्वालियर’ दिसेल, कारण ही गावं शिंद्यांच्या राज्यात होती. झाशीहून आलेल्यावर दिसणार नाही. झाशी आपल्याला किती जवळ, पण 1886 मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला आणि बदल्यात झाशी घेतली, म्हणून तिथे साधं सरकारी तिकीट. पुण्याच्या पत्रावरही तसंच. म्हणजे सासरच्या मंडळींना कोण कुठून लिहीत होतं आणि राज्याची हद्द कुठे संपत होती, हे तिकिटांवरूनच मुलीला कळेल. तिकीट सोलून काढलंत की यातलं काही उरत नाही, हाती राहतो नुसता राजाचा चेहरा. म्हणून जुनी पाकिटं अख्खीच ठेवायची.

माझी उभी नोकरी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, रात्रीच्या डाकगाडीत सॉर्टर म्हणून गेली. त्यामुळे तिकिटाइतकंच माझं लक्ष शिक्क्याकडे जातं. पाकीट उलटं करून बघा, त्या काळी पोचल्याचा शिक्काही मागे मारत. पुढचा निघाल्याचा, मागचा पोचल्याचा. दोन तारखा वजा केल्या की पत्राला किती दिवस लागले ते निघतं. मुलांना हे गणित फार आवडतं.

तिकीट सोडवण्याची हौस आजकालच्या पाकिटांवर भागवू द्या. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून तुकडा कापायचा, कोमट पाण्याच्या ताटलीत तिकीट वर राहील असा तरंगत ठेवायचा. 15-20 मिनिटांत ते आपोआप सुटतं, ओढायचं नाही. मग टीपकागदावर पालथं वाळवून जाड पुस्तकाखाली दाबायचं. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या ताटलीत, नाहीतर रंग सगळ्यांना लागतो. तिकीट धरायला बोथट टोकाचा चिमटा आणि ठेवायला स्टॉकबुक, म्हणजे न चिकटवता तिकिटं खोचून ठेवायची वही, घ्या. सेलोटेप घरात असली तरी या कामाला नको.

सगळ्या जगाची तिकिटं जमवायला बसलं की महिनाभरात मूल कंटाळतं. तिला एकच पान द्या: आपलं गाव. 1957 ला 15 नव्या पैशांचं घोड्यावरच्या राणी लक्ष्मीबाईचं तिकीट निघालं, समाधी तर आपल्या फूलबागेतच आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले होते, हेही तिला सांगा. 1984 च्या किल्ल्यांच्या संचात 50 पैशांवर आपला किल्ला आहे, आणि त्याच संचात सिंहगडही आहे. मराठी घरात ही दोन्ही हवीतच. 1986 चं तानसेनाचं तिकीट मिळालं की पान भरत आलं. मग तिला घेऊन समाधीवर जा, किल्ल्यावर जा. नव्या तिकिटांसाठी बाड्यावरच्या टपाल कचेरीत फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीट-संग्रहाच्या, खात्याची चौकशी करा. 200 रुपये भरून खातं उघडता येतं आणि नवीन निघालेली तिकिटं घरपोच येतात.

किमतीचं म्हणाल तर फार आशा धरू नका. बहुतेक तिकिटं लाखांनी छापलेली असतात. जुन्या पत्राला दाम येतो तो अखंड पाकिटाला आणि स्पष्ट शिक्क्याला. माझं मन विचाराल तर विकूच नका. कुटुंबाची पत्रं एकदा गेली की पैसे मोजूनही परत मिळत नाहीत.

पावसाळ्यात मात्र जपा. दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक सुटतो आणि ती एकमेकांना चिकटतात. अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा, आणि ट्रंक भिंतीला लावू नका. पाकिटांवरचे शिक्के पुसट असतील तर फोटो काढून पाठवा, मी वाचून देईन. लेकीने आधी स्वतः काय वाचलं तेही लिहा.