एक अँटेना, तीन-चार टीव्ही: स्प्लिटर कुठला घ्यायचा

हे बघ, अमेरिकेत नवीन घर घेतलंयस आणि छतावरच्या अँटेनावर सगळे टीव्ही चालवायचेत ना, तर आधी अँटेनाची वायर थेट एकाच टीव्हीला लावून चॅनल स्कॅन कर. तिथेच चित्र तुटत असेल तर स्प्लिटर (एका वायरचा सिग्नल अनेक टीव्हींना वाटणारा छोटा डबा) लावून आणखीच बिघडणार, आधी अँटेनाची दिशा नीट कर.

मग टीव्ही मोज आणि तेवढ्याच तोंडांचा (टीव्हीकडे वायर जाते ती आउटपुटं) स्प्लिटर घे, पुढेमागे लागेल म्हणून आठवाला मुळीच नको, कारण तो सिग्नल वाटतो, वाढवत नाही. टू-वेमध्ये, म्हणजे दोन तोंडांच्यात, प्रत्येक तोंडाला साधारण 3.5 डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्तच सिग्नल गेला, फोर-वेत 7, एट-वेत 11च्या आसपास. थ्री-वे घेतलास तर त्यावर छापलेलं नीट वाच, बऱ्याच थ्री-वेंत एका तोंडावर 3.5 असतं आणि दोनांवर 7, तर सगळ्यात लांब वायर जाते तो टीव्ही 3.5वर लाव, याने खरंच फरक पडतो.

5 ते 1000 मेगाहर्ट्झवाला स्प्लिटर पुरतो, इथला टीव्ही 608लाच संपतो, 2300वाल्याला उगाच पैसे घालू नकोस. रिकाम्या तोंडाला 75 ओहमची टर्मिनेटर टोपी लाव.

अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लागलाच तर स्प्लिटरच्या आधी, अँटेनाजवळ, आणि त्याचा पॉवर इंजेक्टरसुद्धा (अँटेनाच्या वायरीतूनच त्याला वीज पाठवणारा डबा) स्प्लिटरच्या आधीच, नाहीतर पॉवर पास होणारं तोंड शोधत बसावं लागतं. टॉवर जवळ असेल तर अँप्लिफायर नकोच, सिग्नल जास्त झाला तरी चॅनल गायब होतात.