देशाची आयात एका महिन्यात इतकी वाढते आणि पुढच्याच महिन्यात घसरते, ते कसं?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबर २०२५ मध्ये मालाची आयात ७६ अब्ज डॉलरवर गेली आणि नोव्हेंबरात थेट ६३ अब्जांच्या आत आली, तर महिन्याभरात असं काय बदललं. मुख्यतः सोनं. ऑक्टोबरात १४.७ अब्ज डॉलरचं सोनं आलं, आदल्या वर्षी त्याच महिन्यात ते ५ अब्जांच्या आत होतं. धनतेरस १८ ऑक्टोबरला, मागोमाग लग्नसराई, त्यात भाव औंसाला ४००० डॉलरच्या वर गेलेला. सराफ माल आधीच भरून ठेवतात, त्यामुळे नोव्हेंबरात सोन्याची आयात ४ अब्जांवर उतरली. बाकीची आयात तेवढी हलली नव्हती.

मी नागपुरात कस्टम क्लिअरिंगचं, म्हणजे सीमाशुल्क खात्यातून माल सोडवण्याचं काम करतो. आयातीचा हा आकडा बनतो बिल ऑफ एन्ट्रीतून, म्हणजे माल सोडवताना भरायच्या आयातीच्या कागदातून. त्यात मालाचा एचएसएन कोड (वस्तूचा प्रकार सांगणारा क्रमांक), वजन आणि किंमत असते, आणि त्या किमतीत जहाजाचं भाडं व विमाही धरलेला असतो. निर्यात मात्र हे दोन्ही वगळून मोजतात. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून रेल्वेने निघालेला कंटेनर महिनाअखेरीला कुठे अडकला की त्याची आयात पुढच्या महिन्यात जाते. एका कंटेनरने काही होत नाही, पण तेलाची दोन-चार मोठी जहाजं इकडची तिकडे झाली तरी आलेख हलतो. कच्च्या तेलाचं तर पिंपं तेवढीच आली आणि भाव पडला, तरी आयात 'घटली' अशीच बातमी होते.

शिवाय महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास येणारा आकडा तात्पुरता असतो. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर सांगितली गेली, नंतर ती ९.८४ अब्जांवर आणावी लागली, कारण काही माल दोनदा मोजला गेला होता. तोवर विक्रमी व्यापार तुटीच्या बातम्या छापून झाल्या होत्या.

म्हणून एकूण आकडा सोडा, वाणिज्य मंत्रालयाचा वस्तुवार तक्ता उघडा. सोनं आणि तेल वजा करा, तोच महिना गेल्या वर्षी कसा होता ते बघा, आणि सण पुढे-मागे सरकलाय का तेही तपासा.

आपल्या विदर्भाने तर या तक्त्यातल्या दोन ओळी कधीच चुकवू नयेत. पहिली कापसाची. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ होतं, म्हणजे नेमका आपला नवा कापूस जिनिंगला (सरकी काढायला) येतो तेव्हा. देशाच्या एकूण आयातीत कापूस चिमूटभर, त्यामुळे मथळ्यात तो दिसतच नाही. पण बाहेरची कापसाची गाठ स्वस्त पडली की सूतगिरणी इथल्या गाठीला जास्त भाव कशाला देईल? मला हे फार खुपतं. अब्जांच्या बातमीत ज्याची नोंदही नाही, त्यावर यवतमाळच्या शेतकऱ्याचं वर्ष ठरतं.

दुसरी ओळ तुरीची. तिची आयात मे २०२१ मध्ये खुली झाली. मोझांबिक, टांझानियाची तूर ऑगस्टनंतर येऊ लागते. म्यानमारची येते ती वर्षाच्या सुरुवातीला, नागपूरच्या कळमना बाजारात आपली तूर उतरत असते तेव्हाच. तूर विकायची असेल तर डिसेंबर ते मार्चचे आकडे वजनात बघा, डॉलरमध्ये नको.