ओटीचं कापड कापलं तर चालतं का?

प्रिय पिल्लू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवते" म्हटलं, कारण उत्तर लांबलचक होतं आणि तुझे बाबा शेजारी बसून भेंडी चिरत मध्ये मध्ये बोलत होते. तुझे प्रश्न दोन. पहिला, हे ब्लाउजपीस तू शिवत नाहीस, टाकत नाहीस, मग घेतेस तरी कशाला? आणि दुसरा, ओटीत आलेलं कापड कापून क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून गोधडी, केलेली चालते का, मिरजेची आजी रागावणार नाही का? आजी रागावलेलीच आहे. पण तुला वाटतं त्या कारणासाठी नाही. ते पुढे सांगते.

आधी ओटी. तू लहानपणापासून पाहत आलीस, पण तुला नीट कुणी सांगितलं नसणार. या गोष्टी आमच्याकडे कुणी सांगत नाही, नुसत्या करतात. सवाष्ण घरी आली, माहेरवाशीण सासरी निघाली, कुणाचं डोहाळजेवण असलं, की तिची ओटी भरायची. ती पदर पुढे धरते, आणि त्यात तांदूळ नाहीतर गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक घालायचं. घरात धान्य असावं, अंगावर कापड असावं, मांडीवर मूल असावं, एवढं जुन्या बायकांचं मागणं त्यात आलं. इथे अमेरिकेत, ओमाहाला, हळदीकुंकवाला जीन्स घालून आलेल्या मुलींना पदर नसतो, म्हणून त्यांना सगळं झिपलॉकच्या पिशवीत भरून देतात, नारळ तेवढा वेगळा. काही काकवा नाक मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

त्यातला खण एके काळी खरोखर उपयोगाचा होता. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, नऊवारी लुगडं आणि खणाची चोळी नेसणाऱ्यांतली. खण विणले जायचे कर्नाटकात गुळेदगुड्डला, इरकली लुगडी इलकलला. दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यातली, आणि मिरजेच्या बाजारात तो माल कायम असे. खणाचं कापड अरुंद, काठाचं आणि एका चोळीच्या बेताचं. काठ बाहीवर यायचा, पुढे गाठ मारायची, कापड वाया जवळजवळ जायचंच नाही. म्हणजे ओटीत खण आला की एक चोळी आली. पुढे सहावारी आल्या, ब्लाउज आले, मग साडीलाच ब्लाउजपीस जोडून यायला लागला, आणि ओटीतल्या कापडाला काही काम उरलं नाही. पण ओटीतून कापड कोण काढणार? ते राहिलं. खणाच्या जागी टू बाय टू या सुती कापडाचा नाहीतर पॉलिएस्टरचा तुकडा आला, ८० सेंटीमीटर, आपल्या एकाही साडीला न जुळणाऱ्या रंगाचा.

आणि तो फिरायला लागला. मला मिळालेला मी जोशीकाकूंना दिला, त्यांनी भावजयीला, तिने शेजारणीला. आजी कपाटात प्रत्येक घडीला टाचणीने चिठ्ठी लावून ठेवते, कोणाकडून आला ते. कंजूषपणा म्हणून नव्हे; जिने दिला तिलाच तो परत गेला तर शोभा होईल म्हणून. तू याला "रीगिफ्टिंग" म्हणालीस आणि हसलीस. हस, पण ते लपवून केलेलं नसतं. देणारीला ठाऊक असतं की घेणारी ते शिवणार नाही, घेणारीलाही ठाऊक असतं, आणि तरी हळदीकुंकू लावून, वाकून, "ये गं पुन्हा" म्हणून ते दिलं जातं. द्यायला हातात काहीतरी हवं, आणि ते अंगावर ल्यायचं कापड असावं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. नाही म्हणता येत नाही, कारण तो तुकडा म्हणजे वस्तू नसून पाहुणचार आहे.

नेब्रास्कात अडचण अशी झाली की मराठी घरं मोजकी. तिकडे एका गल्लीत महिन्याभरात तुकडा दहा हात फिरतो. इथे संक्रांतीला मी ज्यांना देते त्याच चैत्रात मला देतात. फिरणं थांबलं आणि साठणं सुरू झालं. शिवाय दर वेळी भारतातून येताना आजी, आत्या, मावशी बॅगेत घालतात ते वेगळे. तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं झालं तेव्हा ते सगळं मी तिकडे हलवलं, आणि तेव्हा पहिल्यांदा एकत्र पाहिलं.

आता एक गोष्ट, जी मला या प्रथेत कधीच पटली नाही, आणि तुला सजवून सांगणं बरं नाही. पणजोबा गेल्यावर पणजीची ओटी कुणी भरली नाही. घरातल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ तिच्या हातची, पन्हं तिच्या हातचं, पण ती बसायची स्वयंपाकघरात. बाहेर बायका खण-नारळ घेत असायच्या. तिच्याकडे कापड यायचं ते जुनं: विरलेली लुगडी, सुनांच्या साड्या, आजोबांची धोतरं. त्याच्या ती वाकळी शिवायची. गोधडी म्हण, आमच्याकडे वाकळ. जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी तिने दुपटं शिवलं, मऊ जुन्या कापडाचं, पण त्या मुलाच्या आईच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला ती पुढे आली नाही. मला लहानपणी हे दिसत होतं आणि कुणालाच त्यात विचित्र वाटत नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या गोष्टी बंद केल्या, आणि मग सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. २०२२! पणजी तोवर हयात नव्हती. आपल्या घरी संक्रांतीला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी वाण देते, नवरा असो, नसो, झालेलाच नसो. ते तू पाहिलं आहेसच. आता कारणही कळलं.

तर कापणं. शास्त्रात वगैरे काही नाही. देवीला वाहिलेल्या साड्यासुद्धा बरीच देवस्थानं प्रसाद म्हणून विकतात, आणि लोक त्या नेसतात, त्यांचे परकर-पोलकेही शिवतात. आणि ती चिंधीची गोष्ट आठवते का? कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रेला कपाटभर वस्त्रांत चिंधी सापडेना, आणि द्रौपदीने अंगावरचा पितांबर फाडून दिला. त्यामुळे ओटीचं म्हणून कापू नये असं आजीचंही म्हणणं नाही. तिचा राग असा: "अगं, नवंकोरं कापड कापायचं आणि परत जोडायचं? मग कापलंस कशाला?"

गंमत म्हणजे या प्रश्नाला माझ्या क्विल्ट गटातल्या बायकांकडेही उत्तर नाही. दुकानात १८ बाय २२ इंचांचे कापडाचे तुकडे, फॅट क्वार्टर, सुंदर रिबीन बांधून विकत मिळतात, ते घ्यायचे, घरी साठवायचे, त्याला स्टॅश म्हणायचं, आणि नवऱ्याला किंमत सांगायची नाही. पण हे मागाहून आलेलं. लिंकन शहरातल्या क्विल्ट म्युझियममध्ये तू चौथीत असताना शाळेबरोबर गेली होतीस, आणि तुला फक्त तिथली लिफ्ट आठवते. ते विद्यापीठाचं आहे, १९९७ मध्ये जेम्स दांपत्याने आपल्या सुमारे ९५० क्विल्ट्स दिल्या त्यातून सुरू झालेलं. तिथे आणि नंतर वाचून मला कळलं की इथल्या गरीब शेतकरणीही आमच्यासारखंच करायच्या. १९३० च्या मंदीत पिठाची आणि कोंबड्यांच्या खाद्याची पोती छापील सुती कापडाची येत. ती उसवून मुलींचे फ्रॉक, आणि उरलेल्याची क्विल्ट. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विरलेल्या पँटी आणि शर्टांच्या क्विल्ट्स केल्या, थंडीसाठी. त्याच क्विल्ट्स २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांचा एक नमुना आहे, चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. पणजीच्या वाकळीतला धावदोरा असाच कडेपासून फेऱ्या घेत मध्यावर यायचा. मी त्या नमुन्याच्या फोटोपुढे बराच वेळ बसले होते.

फरक कापडाच्या मापात आहे. आमच्याकडे लुगडं नऊ वार. जुनं झालं तरी त्याची अख्खी घडी पसरता येते, वर ठिगळं लावायची आणि सगळे थर एकत्र शिवत जायचं. म्हणून वाकळीला ब्लॉक, म्हणजे वेगळा शिवून ठेवलेला चौकोन, नसतो. तो सगळा पसारा जमिनीवर, आणि शिवणारी त्यावरच बसलेली. इथल्या बायकांकडे तुकडे लहान आणि जागाही कमी, म्हणून एका मांडीवर मावेल एवढा ब्लॉक पुरा करून ठेवायचा, असे साठले की जोडायचे. माझ्यासारखीला हे फार सोयीचं. वरणाला कुकर लावला की तीन शिट्ट्यांत दोन पट्ट्या जोडून होतात. जेवायच्या वेळी मशीन बाजूला सरकवायचं, ब्लॉक फ्रीजच्या वर. बाबांना एकदा पोळीत दोरा मिळाला, त्यावर त्यांनी अजून विनोद थांबवलेले नाहीत.

माझी पद्धत सांगते, म्हणजे तुला कधी करावंसं वाटलं तर. आधी प्रत्येक तुकड्याचा एक धागा ओढून सिंकमध्ये जाळून बघायचा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून मणी होतो. पॉलिएस्टर बाजूला, त्याच्या पिशव्या. ते इस्त्रीला घडी धरत नाही. सुती सगळं धुऊन घ्यायचं, मरून आणि गडद हिरवे वेगळे, कारण टू बाय टूचा रंग पहिल्या पाण्यात बेफाम सुटतो. खणाच्या दशा फार निघतात, म्हणून त्याला मागून पातळ चिकटकापड इस्त्रीने लावायचं. ब्लॉक लॉग कॅबिनचा: मध्ये अडीच इंचांचा खणाचा चौकोन, भोवती दीड इंची पट्ट्यांच्या पाच फेऱ्या. सगळीकडे शिवणीसाठी पाव इंच माया. जोडून झाल्यावर बरोबर १२ इंच भरतो. ब्लाउजपीसमधून अशा वीसेक पट्ट्या निघतात, त्यामुळे एकेक तुकडा कितीतरी ब्लॉकांत जातो. इथल्या रीतीत मधला चौकोन लाल ठेवतात, घरातल्या चुलीचा म्हणून. मी खणाचा ठेवला कारण तो जाड आहे आणि बारीक पट्ट्यांत टिकत नाही.

अडलं ते उजळ रंगांपाशी. लॉग कॅबिनमध्ये निम्म्या पट्ट्या गडद आणि निम्म्या उजळ लागतात, नाहीतर नमुना उठतच नाही. ओटीत पांढरं देत नाहीत, काळं देत नाहीत. येतं ते मरून, जांभळं, बाटलीहिरवं, राणी. मी आजीला व्हिडिओवर हे दाखवलं तेव्हा ती आधी "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली, आणि मग म्हणाली, "जुनं घाल त्यात. नुसत्या नव्याची वाकळ बोचते, अंगाला लागत नाही." म्हणून बाबांचे ऑफिसचे जुने शर्ट कापले. पांढरे, फिके निळे, बारीक रेघांचे, कॉलर घासलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. आणि आत बॅटिंग, म्हणजे भरायचा मऊ थर, न घालता माझ्या दोन जुन्या सुती साड्या घालणार, वरून हाताने धावदोरा. आजीचा राग आता अर्ध्यावर आला आहे. उरलेला अर्धा मशीनवर पट्ट्या जोडते त्याचा आहे, तो तसाच राहील.

ही तुझ्यासाठी आहे, हे तू ओळखलं असशीलच. कॉलेजच्या डॉर्मचा पलंग ३८ बाय ८० इंचांचा, म्हणून पाच ब्लॉक आडवे आणि सात उभे, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडी खाली लोंबेल. धुताना पाणी थंड ठेव, ड्रायर कमी उष्णतेवर, आणि पहिल्या दोन धुण्यांत तुझे पांढरे कपडे त्यात घालू नकोस, माझं ऐक. तुझ्या रूममेटला आवडली तर तिला सांग की एक ब्लॉक तिच्या नावाने करून पाठवते. कापडाची इथे काहीच कमी नाही. परवा ओमाहाच्या काकूंना मी काय करते ते कळलं, आणि त्यांनी त्यांची एक पिशवी आणून दिली, वर एक नारळ ठेवून.

फक्त उजळ पट्ट्या अजून थोड्या कमी पडतात. बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट तू झोपायला घालतेस म्हणून घेऊन गेलीस, तो पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठव. बाबा म्हणतात पाठवू नको. माझं ऐकायचं.

तुझी,
आई