लेथ गुरगुरते, पण फिरत नाही

प्रश्न : अंबडला माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या लेथवर दोन एचपीची थ्री फेज मोटर आहे. बटण दाबलं की कधी नीट सुरू होते, कधी नुसतीच गुरगुरते. पट्टा हाताने ओढला की फिरायला लागते. परवा चक्क उलटी फिरली. वायरमनने टेस्टर लावून पाहिला. स्टार्टरमधून तिन्ही फेज बाहेर येतात, तेव्हा मोटर रिवाइंड करा, म्हणजे आतली तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्याने भरा, असं तो म्हणतो. करू का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : नका करू. आणि आजपासून तो पट्टा ओढणं बंद. बोटं जातील.

ओढाल तिकडे मोटर फिरते, यातच निदान आलं. तिन्ही फेज मिळाले की आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि दिशा ठरलेली असते. एक फेज गेला की ते क्षेत्र जागच्या जागी थरथरतं, मोटरला सुरुवातीचा जोरच मिळत नाही. हे सिंगल फेजिंग. फ्यूज उडाला असता तर रोजच गुरगुरली असती. कधी चालते, कधी नाही, म्हणून माझा संशय काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधला, मोटरला वीज जोडणारा स्विच) एखाद्या खराब पोलवर, म्हणजे एका फेजच्या काँटॅक्टवर, नाहीतर ढिल्या टर्मिनलवर.

मग टेस्टर तिन्हीकडे कसा लागला? तुटलेल्या पोलच्या बाहेरच्या टर्मिनलवर मोटरच्या वायंडिंगमधूनच व्होल्टेज परत येतं, अर्थच्या हिशेबाने साधारण १२० व्होल्ट. टेस्टरचा दिवा पेटायला तेवढं पुरतं. टेस्टरच्या भरवशावर धडधाकट मोटरी वाइंडरकडे गेलेल्या मी सातपूरलाही पाहिल्यात.

मल्टिमीटर घ्या. काम चालू विजेवरचं आहे, तेव्हा जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने काँटॅक्टरच्या बाहेरच्या, म्हणजे मोटरकडच्या बाजूला फेज ते फेज व्होल्टेज मोजायचं. मोटर गुरगुरली की दोन-तीन सेकंदांत बंद. त्या वेळी करंट कैकपट असतो, जास्त वेळ ठेवली तर वायंडिंग खरोखरच जळेल. तिन्ही जोड्यांत ४१५ च्या आसपास यायला हवेत. एका जोडीत ४१५ आणि उरलेल्या दोन्हींत जेमतेम दोनशे आले, तर त्या दोन जोड्यांत जे टर्मिनल सामाईक, तो फेज तुटलेला. आतल्या, म्हणजे वीज येते त्या बाजूलाही असंच मोजा. तिथे तिन्ही ठीक असतील तर दोष काँटॅक्टरचाच. फिरत्या मोटरवर मात्र हा प्रयोग नको. ती स्वतःच तिसऱ्या फेजवर व्होल्टेज तयार करते आणि मीटरलाही फसवते. फिरताना वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. तुटलेल्या फेजच्या वायरीत शून्य दिसेल.

काँटॅक्ट काळे, खड्डे पडलेले निघाले तर तिन्ही पोलचं किट बदला. पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण चांदीचा थर जातो आणि महिन्याभरात तेच दुखणं.

एक गोष्ट मला खटकते. लेथ एका फेजविना चालत असताना ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारं उपकरण) ट्रिप कसा झाला नाही? लोड असेल तर उरलेल्या दोन फेजमध्ये करंट पावणेदोनपट होतो. ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून कुणीतरी रिलेचा डायल मोठ्या आकड्यावर सरकवलेला असणार. नेमप्लेटवरचा अँपिअरचा आकडा, दोन एचपीला साडेतीनच्या आसपास असतो, तिथेच तो आणा. रिवायंडिंगच्या पैशात सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, आरामात बसेल.