ज्या गावाला आजूबाजूची गावं बाजाराला येतात

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५१, यजमानांचं ५४. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, कर्ज फिटलेलं आहे. यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. गेल्या दिवाळीनंतर कारखाना बंद झाला आणि हिशेब हातात आला. मी घरी शिवणकाम करते. मुलगी पुण्यात नोकरीला लागली. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्या आमच्याजवळच असतात. इथल्या खर्चात ओढाताण करत बसण्यापेक्षा लहान गावी जावं, असं आम्हा दोघांच्याही मनात आहे. यजमानांचं मूळ गाव कुडाळजवळ, तिथे सामाईक घर आहे, म्हणून सावंतवाडीचा विचार. मला वाई फार आवडतं. दोनदा राहून आलो, घाटावरून पाय निघत नव्हता. तुम्ही मिरजेबद्दल लिहिता म्हणून तेही नाव यादीत आहे. फ्लॅट विकून दोन-तीन गुंठे घ्यावेत आणि बैठं घर बांधावं, असं यजमान म्हणतात. काय करावं?

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २०१६ साली मी ४९ वर्षांची होते, तेव्हा आम्ही दोघं डोंबिवलीतल्याच एका दुसऱ्या मजल्यावर वहीत असेच आकडे मांडत बसायचो. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट: फ्लॅट आत्ता विकू नका. भाड्याने द्या. डोंबिवलीच्या वन बीएचकेच्या भाड्यात लहान गावात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून वर किराण्यापुरते पैसे उरतात. आम्ही सुरुवातीची दोन वर्षं अशीच काढली. त्यातलं पहिलं वर्ष आम्ही आमच्या पोटात आणि पाठीत सोसलं. संध्याकाळ जायची नाही, खाली उतरलं तर ओळखीचं कुणी नाही. त्या वर्षी घर विकून आलो असतो तर परतीची वाट राहिली नसती आणि आमची भांडणंही वाढली असती. परत जाता येईल हे माहीत होतं, म्हणूनच आम्ही राहिलो.

शिवाय विकलात की आयकराचं घड्याळ सुरू होतं. जुनं घर विकून झालेला भांडवली नफा वाचवायचा तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावं लागतं; आणि रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. नव्या गावात माणसं ओळखीची नाहीत, मातीचा अंदाज नाही आणि मागे मुदत लागलेली, अशा वेळी माणूस समोर येईल तो प्लॉट घेतो.

हे मी अनुभवाने सांगते. मिरजेला येण्याआधी आम्ही कोकणात तीन गुंठ्यांसाठी टोकन देऊन बसलो होतो. मध्यस्थाने जागा मे महिन्यात दाखवली, आंब्याचं झाड दाखवलं, “एनए (बिगरशेती) होऊन जाईल” म्हणाला. मी सातबारा मागत राहिले. तो हातात आला तेव्हा त्यावर अकरा नावं होती. त्यातली तीन माणसं हयात नव्हती आणि वारसांची नोंद झालेली नव्हती. शिवाय जमीन शेतीची, आणि आम्ही दोघंही शेतकरी नाही. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. टोकनातले निम्मे पैसे परत मिळायला दीड वर्ष गेलं, उरलेले आजवर मिळाले नाहीत.

तुमच्या बाबतीत एक फरक आहे. यजमानांचं नाव कुडाळच्या सातबारावर लागलेलं असेल तर ते शेतकरी ठरतात, त्यांना शेतजमीन घेता येते. ते नाव खरंच लागलंय का, हे आधी उताऱ्यावर डोळ्यांनी बघा. सासरे गेल्यावर फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, झाला असेल असं धरून चालू नका. आणि सामाईक घरात, वाटप नोंदल्याशिवाय, एक रुपयाही घालू नका. चुलत दिरांशी आज गोडी असेल. ती तशीच राहावी म्हणून सांगते.

आता गावाचं. तुम्ही वाईला राहून आलात आणि घाटावरून पाय निघेना, हे मला कळतं. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, गावात विश्वकोशाचं कार्यालय. पुस्तकवेड्या माणसाला वाई भुरळ घालते. पण तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून गेला होतात. वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी गर्दी शनिवार-रविवारी गावाच्या अंगावरून जाते. पुण्याची माणसं तिथे दुसरं घर घेतात, त्यांच्या खिशाप्रमाणे जागेचा भाव ठरतो. रेल्वे नाही. मोठं दुखणं निघालं तर सातारा ३५ किलोमीटरच्या आसपास, नाहीतर थेट पुणे.

मी सगळ्यांना एकच परीक्षा सांगते. गाव निवडायचं असेल तर सकाळी साडेनऊला एसटी स्टँडवर अर्धा तास उभं राहा. गाड्या भरून येतात की भरून जातात ते बघा. ज्या गावात सकाळी आजूबाजूची माणसं उतरतात, कुणी दवाखान्याला, कुणी कोर्टाला, कुणी मिक्सर दुरुस्तीला, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, ते गाव स्वतःच्या पायावर उभं आहे. तिथे लागेल ती वस्तू मिळते आणि ती पाहुण्यांच्या भावाने मिळत नाही. ज्या गावातून सकाळी सगळे बाहेर जातात, तिथून पासष्टाव्या वर्षी तुम्हालाही प्रत्येक गोष्टीसाठी बाहेर जावं लागेल.

मिरज सुंदर नाही, हे आधीच सांगते. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही, रस्ते धुळीचे. पण इथे डॉक्टर वानलेसांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव झालं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. विजापूर, बागलकोट, बेळगावकडचे पेशंट इथे येतात, म्हणून औषधांच्या दुकानांवर कानडी पाट्या दिसतात आणि दुकानदार तिन्ही भाषा बोलतो. २०१८ च्या फेब्रुवारीत रात्री सव्वाला आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. खालच्या घरातल्या रिक्षावाल्याला हाक मारली, तो बनियनवरच आला. दारातून निघाल्यापासून ईसीजीची पट्टी हातात येईपर्यंत पंधरा मिनिटंही लागली नाहीत. डोंबिवलीत त्या वेळी आम्ही अजून जिना उतरत असतो. सासूबाई ७८ च्या आहेत, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम लिहिते.

सावंतवाडीलाही बाजार आहे, भोवतालची गावं येतात, मोतीतलावाच्या काठी संध्याकाळ बरी जाते. पण दुखणं वाढलं की तिथली माणसं अजूनही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धाव घेतात. जिल्ह्याला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालंय, ते चांगलं रुळेल तसं हे बदलेल. रेल्वे स्टेशन गावापासून लांब पडतं. सासूबाईंची माणसं तिथे असतील, त्यांचं मन तिथेच रमणार असेल, तर माझं सगळं गणित बाजूला ठेवा आणि सावंतवाडीचा विचार करा; मात्र भाड्यानेच. त्यांना विचारलंत का? पत्रात त्यांचं वय आहे, मत नाही.

यजमान ५४ चे. पीएफची पेन्शन ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते, दहा वर्षांची नोकरी झाली असेल तर. आधी मागितली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते आणि ती कपात जन्मभराची. म्हणजे चार वर्षं रेटायची आहेत. मेंटेनन्सचा हात असलेल्या माणसाला मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसीत काम मिळण्याची शक्यता आहे. पगार डोंबिवलीचा नसेल. तुमचं शिवणकामही इथे चालेल, पण ब्लाउजचा दर इथल्या हिशेबाने लावा. मशीन सोबत आणा. माझ्या शेजारणीची पहिली चार गिऱ्हाइकं त्याच जिन्यातली होती.

आता पाणी. कृष्णाकाठचं कुठलंही गाव घेतलंत तरी हे वाचा. आम्हाला पहिलं घर आवडलं होतं ते नदीच्या अंगाला, स्वस्त, मागे पेरूचं झाड. बघायला गेलो तेव्हा समोरच्या शिंप्याने विचारलं, “वैनी, पावसाळ्यात बघितलासा का घर?” मग त्याने कापडाचा गठ्ठा बाजूला सारून मागची भिंत दाखवली. २००५ च्या पाण्याची रेघ माझ्या छातीशी होती. चुना तीन वेळा मारूनही ती फुटून वर आली होती, खाली पिवळट, वर पांढरं. आम्ही ते घर सोडलं आणि स्टेशनच्या बाजूला जास्त भाडं देऊन राहिलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्या गल्लीत होड्या चालल्या. आमच्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात नऊ माणसं होती, शिंप्याची शिलाई मशीनसुद्धा. आज शिंप्याच्या घरच्यांना माझ्या स्वयंपाकघरातला डबा न डबा माहीत आहे.

निळी आणि लाल पूररेषा नकाशावर असते, महापालिकेत बघायला मिळते, ती बघाच. पण भिंतही बघा, आणि समोरच्या दुकानदाराला विचारा. घरमालकाला विचारून उपयोग नाही.

पुढे विकत घ्यायची वेळ आली तर गावठाणातलं, सिटी सर्व्हेत आलेलं, प्रॉपर्टी कार्ड (मालमत्तेचा उतारा) असलेलं जुनं घर किंवा फ्लॅट बघा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, काढून घ्या. त्या पैशात काटकसर करू नका. बैठ्या घराची यजमानांची हौस मी समजू शकते. पण दोन-तीन गुंठे बहुतेक गावाबाहेर मिळतात, आणि गावाबाहेर म्हणजे दळण टाकायलाही गाडी काढा. सासूबाईंना पायी देवळात जाता आलं पाहिजे.

तुम्ही जुलैत या, आषाढात. मे महिन्यात कुठलंही गाव बघू नका. कल्याणहून रात्री महालक्ष्मीला बसलात की सकाळी मिरज. आठ दिवस राहा. लक्ष्मी मार्केटला भाजी घ्या. दर्ग्याजवळ सतारमेकरांची दुकानं आहेत तिथे यजमानांना न्या. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे छताला टांगलेले असतात आणि खाली बसून कारागीर तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी लाकडी फळी, घासत असतो. हाताने काम करणाऱ्या माणसाला ते बघून बरं वाटेल. मग तसेच आठ दिवस वाईला आणि सावंतवाडीला राहा, त्याच पावसात. सासूबाईंना तिन्हीकडे बरोबर न्या. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, बायकांना निम्मं तिकीट, म्हणजे खर्चही बेतात राहील.

प्रश्न

ताई, मी ४६ वर्षांची, एकटी, पुण्यात राहते. कंपन्यांचे हिशेब घरून बघते. सावंतवाडीत भाड्याने राहावं म्हणते. एकट्या बाईला घर देतात का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

देतात. पण फोनवर देत नाहीत. चार दिवस जाऊन राहा, ज्या घरात मालक खाली आणि भाडेकरू वर अशी जागा बघा, आणि काम काय करते ते स्वतःहून, स्पष्ट सांगा. “घरून काम” एवढंच सांगितलं तर कुणाला कळत नाही. “कंपन्यांचे हिशेब लिहिते, जीएसटी भरते” म्हटलं की दुसऱ्या दिवशी मालकच स्वतःची फाइल घेऊन वर येतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या. पावसाळ्यात वीज जाते, कधी कधी रात्रभर. इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं याचा खर्च भाड्यातच धरा. आणि जिथे रोज संध्याकाळी जाऊन बसता येईल अशी एक जागा पहिल्याच आठवड्यात शोधा, वाचनालय असो की गाण्याचा क्लास. मी ती शोधायला आठ महिने लावले.