७५ हर्ट्झचं कस्टम रिझोल्यूशन टाकल्यावर स्क्रीन काळी, ‘आउट ऑफ रेंज’: आता काय?

पहिले १५ सेकंद काहीच दाबू नका. ‘बदल ठेवायचे का?’ याला उत्तर मिळालं नाही की विंडोज आपोआप जुन्या सेटिंगवर येतं. चुकून एंटर दाबून बसला असाल, तर दुसरा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही जोडा, त्यावर चित्र येईल. मग मूळ मॉनिटरही जोडून ठेवा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये (एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं अ‍ॅप) तोच निवडून ६० हर्ट्झ करा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र, आणि केलेली कस्टम रिझोल्यूशनची नोंद काढून टाका. सेफ मोडच्या नादी लागू नका. तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढत नाही, त्यामुळे हे पॅनलही चालत नाही.

आता मूळ दुखणं. २५६० × १४४० ला ७५ हर्ट्झ, टायमिंग (चित्र पाठवण्याचं वेळापत्रक) साधं ‘सीव्हीटी’ या प्रमाणित पद्धतीचं ठेवलं तर पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला पिक्सेल पाठवण्याचा वेग, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास जातो. एचडीएमआय १.४ जोडणीची मर्यादा ३४०, म्हणून चित्र येत नाही. टायमिंगमध्ये ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ निवडलंत की तोच आकडा ३०५ च्या आत येतो, कारण ओळींमधली रिकामी जागा कमी होते. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि उगाच केबल बदलत बसतात.

तरीही चित्र नसेल तर मॉनिटरच्या माहितीपत्रकात उभ्या फ्रीक्वेन्सीची (व्हर्टिकल फ्रीक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झचा हाच आकडा) कमाल बघा. तिथे ६० च लिहिलं असेल तर विषय संपला. ७५ असेल तर डिस्प्लेपोर्टवरून जोडून बघा.